ठाऊक होतं म्हणून बोलावलं, ठाऊक नाही म्हणून बसवलं

डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटनचे न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी एक प्रस्ताव मांडला. इंग्लंड आणि वेल्समध्ये पाऊण लाखाहून जास्त फौजदारी खटले तुंबलेत; तेव्हा ज्या प्रकरणात तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा होण्यासारखी आहे तिथे ज्युरी नको, एकट्या न्यायाधीशानेच निकाल द्यावा. झालं, तिथल्या वकिलांनी घर डोक्यावर घेतलं. आठशे वर्षांचा हक्क, मॅग्ना कार्टा (राजाने दिलेली हक्कांची जुनी सनद), पूर्वजांची पुण्याई वगैरे वगैरे.

ती बातमी वाचून एका मित्राने मला विचारलं, "रस्त्यावरचे कुठलेही बारा लोक धरून आणायचे, त्यांना ना प्रकरण माहीत, ना कायद्यातलं ओ की ठो कळत, आणि माणसाचं आयुष्य त्यांच्या हातात द्यायचं. ही कल्पना मुळात सुचली कुणाला?"

खरं सांगायचं तर कुणालाच सुचली नव्हती. सुरुवात झाली ती जवळपास याच्या उलट कल्पनेतून.

## आधी आपला पंचनामा आठवू

गल्लीत चोरी होते. पोलीस येतात आणि समोरच्या किराणावाल्याला हाक मारतात, "शेठ, पंच म्हणून सही करायला या जरा." शेठच्या कपाळावर आठ्या. पुढे कोर्टाच्या चकरा माराव्या लागणार, धंद्याचे दोन-चार दिवस बुडणार, चोराशी विनाकारण वैर येणार, हे त्याला बरोबर कळतं. पण झडती घेताना त्याच भागातले दोन प्रतिष्ठित, तटस्थ रहिवासी हजर हवेत असं कायदा सांगतो. का? तर ते तिथलेच आहेत. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल आणि खोटं बोलले तर चारचौघांत तोंड दाखवायची पंचाईत.

इंग्लंडची ज्युरी जन्माला आली तेव्हा तिचं काम या शेठच्या कामाच्या बरंच जवळचं होतं. निकाल देणं नव्हे, माहिती देणं. 'ज्युरी' या शब्दाच्या मुळाशीही न्याय नाही, शपथ आहे. ज्युरी म्हणजे शपथ घातलेली माणसं.

१०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, त्याला आपण नेमकं काय जिंकलंय याचा हिशेब हवा होता. त्या मोजणीतून तयार झालेलं दफ्तर म्हणजे 'डोम्सडे बुक'. राजाची माणसं गावोगाव गेली आणि तिथल्या लोकांना शपथेवर विचारू लागली: या जमिनीचं नाव काय? आधीच्या राजाच्या वेळी कुणाकडे होती? आता कुणाकडे आहे? नांगर किती? आणि खास सरकारी प्रश्न: आता मिळतंय त्याहून जास्त उत्पन्न निघेल का? केंब्रिजशायरच्या नोंदींत शपथ घेणाऱ्यांची नावंसुद्धा आहेत. दर परगण्यामागे आठ, त्यातले निम्मे इंग्रज आणि निम्मे फ्रेंच. जेत्यांनी आपली माणसं मोजून घातलेली दिसतात.

परगणा म्हणालो त्याला तिकडे 'हंड्रेड' म्हणत. काही गावांचा एक हंड्रेड, अनेक हंड्रेडांचा एक जिल्हा आणि जिल्ह्यावर राजाचा अंमलदार, म्हणजे शेरीफ. हा शेरीफ पुढे सारखा भेटणार आहे.

## शेजाऱ्यांनी नाव घेतलं की संपलं

पुढे राजा दुसऱ्या हेन्रीने ही पद्धत गुन्ह्यांना लावली. ११६६ चा क्लॅरेंडनचा हुकूम असा: प्रत्येक हंड्रेडमधल्या बारा भल्या माणसांनी आणि प्रत्येक गावातल्या चौघांनी शपथेवर सांगायचं, की आपल्या भागात दरोडेखोर, खुनी, चोर किंवा त्यांना थारा देणारा कोण आहे. पोलीस नाहीत, तपास अधिकारी नाहीत. गावाला ठाऊक असतं ते राजाने गावाच्या तोंडून काढून घ्यायचं, एवढीच युक्ती.

हे बारा लोक निवाडा करत नसत. ते फक्त नाव घेत. नाव आलं की त्या माणसाला दिव्य करावं लागे. हा शब्द आपल्याला परका नाही. मराठेशाहीच्या कागदांत तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढण्याचं रवादिव्य भेटतंच. तिकडे पाण्याचं दिव्य होतं. आरोपीला बांधून मंतरलेल्या पाण्यात सोडायचं. बुडाला तर निर्दोष, तरंगला तर दोषी. (बुडालेल्याला बाहेर काढत असत, तेवढी माणुसकी होती.)

पण याच हुकुमात एक कलम आहे, ते वाचून मी थबकलो. दिव्यातून सुटला तरी माणसाची गावात फारच बदनामी असेल, तर त्याने आठ दिवसांत समुद्र ओलांडून देश सोडायचा. म्हणजे देवाने निर्दोष ठरवलं तरी शेजाऱ्यांचं मत उरतंच.

जमिनीच्या भांडणांतही हेच चाललं. "मला माझ्या शेतातून नुकतंच हुसकावलं" अशी तक्रार आली की शेरीफ त्याच भागातले बारा जण बोलावायचा. शेत कुणाच्या वहिवाटीत होतं हे त्यांना विचारायचं, आणि ते सांगतील तो निकाल. आपल्याकडच्या गोतसभेत वतनाच्या तंट्यात पांढरीची (म्हणजे गावकऱ्यांची) साक्ष घेऊन महजर (निवाड्याचा कागद) करत, ते ज्यांनी वाचलंय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. फरक इतकाच, की इंग्लंडमध्ये गावाला बोलावणारा हुकूम राजाच्या कचेरीतून, ठरावीक मजकुराचा आणि पैसे भरून निघे. त्यामुळे गावाचं शहाणपण हळूहळू राजाच्या कायद्याचा भाग झालं.

## मग निकाल त्यांच्या हातात कसा गेला?

अपघाताने. नोव्हेंबर १२१५ मध्ये रोमला चर्चची मोठी परिषद भरली आणि पाद्र्यांनी यापुढे दिव्याला आशीर्वाद द्यायचा नाही असं ठरलं. पाद्री नाही म्हणजे देव नाही, आणि देव नाही तर दिव्याला अर्थ काय? इंग्लंडच्या न्यायाधीशांपुढे आरोपींची रांग उभी आणि निवाडा करायचं साधनच गायब. १२१९ मध्ये राजाच्या कचेरीने त्यांना कळवलं ते काहीसं असं: भयंकर गुन्ह्यातल्यांना कैदेत ठेवा, मधल्यांना देशाबाहेर काढा, किरकोळांकडून जामीन घ्या. थोडक्यात, जमेल तसं भागवा.

मग न्यायाधीशांनी हाताशी होतं तेच वापरलं. नाव घेणारे शेजारी समोर बसलेलेच होते. त्यांनाच, किंवा त्यांच्यात आणखी काही जण मिसळून, पुढचा प्रश्न टाकला: हा खरंच दोषी आहे का?

यासाठी आरोपीची संमती लागे. त्याने म्हणायचं, "मी माझा निवाडा देशावर सोडतो." इथे देश म्हणजे अख्खं इंग्लंड नव्हे. देशमुख-देशपांडे या शब्दांतला जो देश, आपला आजूबाजूचा मुलूख, तोच हा. मराठी वाचकाला हे चटकन कळावं, कारण आपल्या आडनावांत तो अर्थ अजून जिवंत आहे.

आणि आरोपीने नकार दिला तर? १२७५ च्या कायद्याने अशांना 'कठोर कैद' सांगितली. पुढे तिचं रूप असं झालं, की अंगावर वजनं ठेवत जायचं, तो हो म्हणेपर्यंत किंवा मरेपर्यंत. यॉर्कच्या मार्गारेट क्लिथरो १५८६ मध्ये अशाच मेल्या. खटला उभा राहिला असता तर स्वतःच्या मुलांना साक्षीला ओढलं गेलं असतं, म्हणून त्या गप्प राहिल्या. ही प्रथा कायद्याने बंद व्हायला १७७२ उजाडलं. ज्युरी हा नागरिकाचा हक्क, असं आज छातीठोकपणे म्हणतात. काही शतकं तो हक्क छातीवर दगड ठेवून घ्यायला लावत होते.

## बोलावणारा कोण, हा खरा प्रश्न

शेरीफला जाणारा हुकूम लॅटिनमध्ये असे आणि त्याच्या पहिल्या शब्दांवरून त्याचं नाव पडलं होतं 'व्हेनिरे फेशियास', म्हणजे 'हजर करा'. त्या भागातले बारा मोकळे, कायदेशीर पात्रतेचे पुरुष हजर करा. ज्यांच्याकडून प्रकरणातलं सत्य अधिक चांगलं कळेल असे, आणि कोणत्याही पक्षाचे नातेवाईक नसलेले.

कागदावर उत्तम. पण यादी कोण करणार? शेरीफ. आणि यादी करणाऱ्याच्या हातात काय असतं ते आपल्याला सांगायला नको. १२८५ चा एक कायदा ही तक्रार इतक्या स्पष्ट शब्दांत मांडतो, की तो लिहिणारा स्वतः त्या रांगेत उभा राहिला असावा असं वाटतं. शेरीफ आणि त्यांचे कारकून आजारी, जराजर्जर, गावात राहतही नसलेल्या माणसांना ज्युरीवर ओढतात. गरजेपेक्षा कितीतरी जास्त लोकांना समन्स काढतात आणि सोडून देण्यासाठी पैसे उकळतात. परिणामी श्रीमंत लाच देऊन घरी आणि निवाडे करतात गरीब. उपाय म्हणून एका प्रकरणात चोवीसपेक्षा जास्त लोक बोलवायचे नाहीत, सत्तरीपुढच्यांना आणि कायम आजारी असणाऱ्यांना सूट, आणि किमान उत्पन्नाची अट.

त्याच वर्षी आणखी एक गमतीशीर तोडगा निघाला. राजाचं न्यायालय लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला. यॉर्कशायरच्या शेताचा तंटा असला तरी बारा यॉर्ककर आठवडाभर घोडा हाकत तिथे येणार? मग हुकुमात एक शेपूट जोडलं: अमुक तारखेला वेस्टमिन्स्टरला हजर व्हा, 'तत्पूर्वी' राजाचे न्यायाधीश तुमच्या जिल्ह्यात आले नाहीत तर. न्यायाधीश फिरतीवर यायचेच. हुकूम मात्र पुढची कित्येक शतकं लोकांना वेस्टमिन्स्टरला बोलावत राहिला आणि सगळ्यांना ठाऊक असे की कुणी जाणार नाही. सरकारी कागदाचं हे वैशिष्ट्य सार्वत्रिक असावं.

तरी बाराजण भरायचे नाहीत. कुणी आजारी, कुणी गायब. मग सोळाव्या शतकापासून कोर्टात बघ्यांच्या गर्दीतूनच माणसं ओढून संख्या पुरी करायची सोय झाली. खटला बघायला गेलात आणि ज्युरीत बसलात.

## "पण शेजारी म्हटलं की पक्षपात आलाच ना?"

ही शंका त्यांनाही आली. आणि ज्युरीची सगळी पलटी इथेच आहे.

सुरुवातीला चुकीचा निकाल देणाऱ्या ज्युरीलाच शिक्षा होती. चोवीस जणांची मोठी ज्युरी बसवून पहिल्या बाराजणांनी खोटं सांगितलं असं ठरलं, तर त्यांची जमीन जप्त, घरं पाडायची, झाडं उपटायची, कुरणं नांगरून काढायची. आज हे क्रूर वाटतं, पण त्यामागचा तर्क नीट आहे. तुम्ही साक्षीदार आहात. तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. चूक झाली म्हणजे तुम्ही खोटी शपथ घेतलीत.

पण लोक हलू लागले. शहरं वाढली, १३४८ च्या प्लेगने गावं ओस पाडली, जमिनी हातोहात बदलल्या. बारापैकी बाराजणांना प्रकरण माहीत असणं अशक्य झालं. मग माहीतगार वेगळे आणून त्यांनी ज्युरीपुढे बोलायचं, अशी पद्धत रुळली. साक्षीदार आणि ज्युरर यांची फाटाफूट झाली ती अशी, कुणी न ठरवता.

'स्थानिक' हा शब्द किती विरत गेला ते मोजतासुद्धा येतं. पंधराव्या शतकात जमिनीच्या दाव्यात निदान चौघे त्याच हंड्रेडचे लागत. नसले तर पक्षकार हरकत घेऊन खटला अडवू शके. १५८५ मध्ये बऱ्याच दाव्यांत दोघे पुरेसे झाले. १७०५ मध्ये दिवाणी दाव्यांत ती अटच गेली. जिल्ह्यातले कुठलेही चालतील. कारण सांगितलं गेलं ते असं, की शेजारी आपले राग-लोभ घेऊन बसतात. पाचशे वर्षांपूर्वी ज्या गुणासाठी बोलावलं, त्याच गुणासाठी आता नको.

## मेलेल्या समजुतीचा उपयोग

१६७० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर रस्त्यावर बेकायदा जमाव जमवल्याचा खटला चालला. ज्युरीला दोषी म्हणवेना. न्यायाधीश भडकले. ज्युरीला दोन रात्री अन्न, पाणी, शेकोटी काही न देता कोंडून ठेवलं. (उपाशी ठेवणं ही तेव्हाची रूढच होती. ज्युररांना स्वतःच्या खर्चाने खाण्याची आणि शेकोटीची मुभा कायद्याने मिळाली ती १८७० मध्ये.) तरी ते बधले नाहीत. मग प्रत्येकाला चाळीस मार्कांचा (मार्क हे तेव्हाचं पैशाचं माप) दंड आणि दंड भरेपर्यंत कैद. त्यांच्यातला एडवर्ड बुशेल दंड न भरता वरच्या न्यायालयात गेला.

सरन्यायाधीश व्हॉन यांनी त्याला सोडलं आणि निकाल पटला नाही म्हणून ज्युरीला शिक्षा करता येणार नाही असं कायमचं ठरवलं. हा निकाल इंग्रजी स्वातंत्र्याचा मानबिंदू म्हणून मिरवला जातो. त्यातला एक युक्तिवाद मात्र मोठा मजेशीर आहे. व्हॉन म्हणतात, ज्युरी त्या भागातली असते, म्हणून साक्षीपुराव्याबाहेरचंही तिला ठाऊक असू शकतं. न्यायाधीशाला ते माहीत नसतं. मग ज्युरीने पुराव्याविरुद्ध निकाल दिला हे न्यायाधीश कशाच्या जोरावर म्हणणार?

१६७० च्या लंडनमध्ये ज्युरीला आतलं काही माहीत असणं ही बरीचशी कागदोपत्री समजूतच उरली होती. पण जिच्यावर फारसा कुणाचा विश्वास उरला नव्हता, त्या समजुतीनेच ज्युरीला न्यायाधीशाच्या दंडुक्यातून सोडवलं.

पुढची दोनशे वर्षं भराभर सांगतो. १८२५ च्या कायद्याने पात्रता ठरवली: मालमत्ता हवी, किंवा घराला निदान पंधरा खिडक्या हव्यात. खरंच, खिडक्या. १८५६ मध्ये रुजली गावचा डॉक्टर विल्यम पामर विषप्रयोगाच्या आरोपात सापडला आणि सगळा स्टॅफर्डशायर त्याच्यावर इतका खवळला, की खटला लंडनला नेण्यासाठी संसदेला खास कायदा करावा लागला. शेजारी नकोत म्हणून कायदा! फाशी मात्र शेजाऱ्यांसमोर, स्टॅफर्डलाच दिली. १९१९ च्या कायद्याने बायकांना ज्युरीत बसता येऊ लागलं. पण मालमत्तेची अट राहिल्याने पुष्कळजणी बाहेरच. १९७१ मध्ये समन्स काढण्याचं काम शेरीफच्या हातून गेलं, आणि १९७४ पासून ज्युरी म्हणजे मतदारयादीतून चिठ्ठी टाकल्यासारखी निवडलेली कुठलीही माणसं.

## मुंबईत आलेली ज्युरी कुठल्या 'देशा'ची होती?

इंग्रज ही पद्धत घेऊन मुंबईला आले. 'शेजारी' मात्र तिकडेच राहिले. १९०८ चा टिळकांचा खटला घ्या. 'केसरी' पुण्यात निघायचा, लेख मराठीत, वाचक मराठी. खटला मुंबईच्या हायकोर्टात, ज्युरी नऊ जणांची: सात युरोपियन, दोन पारशी. विशेष ज्युरी नको, ती मराठी न कळणाऱ्या युरोपियनांचीच भरेल, अशी हरकत टिळकांतर्फे जोसेफ बॅप्टिस्टांनी घेतली होती. ती फेटाळली गेली. लेखांत राजद्रोह आहे की नाही हे ठरवायचं, आणि ठरवणाऱ्या बहुतेकांच्या हातात फक्त भाषांतर. टिळक दिवसच्या दिवस शब्दांच्या अर्थावर बोलत राहिले. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षांची काळ्या पाण्याची, मुक्काम मंडाले. 'देशावर सोडतो' म्हणायला तिथे देशच नव्हता.

नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यामुळे भारतातली ज्युरी गेली असं सर्रास सांगतात. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांनी तो निकाल न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली, हे सगळं खरं. पण विधी आयोगाने ज्युरी बंद करा असं १९५८ मध्येच सुचवलं होतं. १९७३ च्या फौजदारी संहितेत ती उरली नाही. तिची एक फांदी मात्र अजून हिरवी आहे: पारशी जोडप्याचा घटस्फोटाचा दावा चालतो तेव्हा न्यायाधीशासोबत समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. आपल्यातली माणसं, आपलं प्रकरण. ११६६ च्या माणसाला ते लगेच समजलं असतं.

## "मग आता त्यांनी काय माहीत असणं अपेक्षित आहे?"

काहीच नाही. ज्युररने आरोपीला ओळखायचं नाही आणि घरी जाऊन मोबाइलवर त्याचं नाव टाकून शोधायचंही नाही. २०११ मध्ये एका ज्युरर बाईंनी आरोपीची माहिती इंटरनेटवर शोधली, त्याच्यावर पूर्वी झालेला आरोप वाचला आणि ज्युरीच्या खोलीत सांगितला. खटला मोडला आणि बाईंना सहा महिन्यांची कैद झाली. २०१५ च्या कायद्याने अशी शोधाशोध हा स्वतंत्र गुन्हा ठरवला, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. त्या बाईंनी केलं ते हेन्रीच्या काळात ज्युररचं कर्तव्य होतं. गावात विचारपूस करायची, बदनामी कानावर घालायची.

जुन्या शेजाऱ्याचा मागमूस १९७४ च्या कायद्यात एका ठिकाणी उरलाय. समन्स काढताना ज्युररच्या राहत्या जागेचा विचार करावा, असं तिथे म्हटलंय. प्रकरण त्याला कळावं म्हणून नव्हे. कोर्टात रोज ये-जा करता येईल एवढ्या अंतरावर तो राहत असावा म्हणून. प्रवासखर्चाचा दावा करता येतो.